कच्चा जोड

सुजाताचा फोन आला तेव्हा मी सोनपेठच्या शाळेत चौथीचे पेपर तपासत बसले होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी हातातला पेपर पूर्ण तपासला, गुण लिहिले आणि मगच उठले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. याच पेपरांचं कारण सांगून मी आधीचे दोन रविवार गंगाखेडला गेले नव्हते... माझा धाकटा भाऊ मिलिंद त्या दोन्ही रविवारी खुर्ची दाराकडे वळवून घेऊन बसला होता, हे त्याच्या बायकोने, सुजातानेच, मला नंतर सांगितलं.

मिलिंद गंगाखेडला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. जाताना एक्केचाळीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्याने ड्रोन बांधायला घेतला. तयार विकत आणायचा नव्हता, एकेक भाग मागवून स्वतः जोडायचा होता. हवा खाली ढकलली की वस्तू वर का जाते, हे फळ्यावर बाण काढून सांगण्याचा त्याला कंटाळा आला होता. मुलांसमोर उडवूनच दाखवायचं होतं. आई-वडील गेल्यापासून मी दर रविवारी एसटीने त्याच्याकडे जायचे. गेलं की पुढच्या खोलीतल्या टेबलावर तो चार हातांचा काळा सांगाडा, अंगठ्याएवढ्या चार मोटरी, मधोमध बसवायचा सर्किट बोर्ड, आणि चष्मा कपाळावर सरकवून बसलेला मिलिंद. बोर्डाची भोकं सांगाड्याच्या भोकांशी जुळेनात, तर त्याने प्लास्टिकच्या मोडक्या पट्टीचा तुकडा कापून मध्ये बसवला. मग एक मोटर हाताने फिरवली की अडायची, आणि वीज दिली की तापून वास मारायची. तीन रविवार तो तिच्यामागे होता. वायरी बदलल्या, मोटरींच्या जागा बदलल्या. चौथ्या रविवारी मी चप्पल काढत होते तेवढ्यात त्याने मला आत ओढलं. मोटर सांगाड्याला ज्या स्क्रूने बसवली होती तो तांदळाच्या दाण्याएवढा जास्त लांब होता. त्याचं टोक आत जाऊन तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत घुसलं होतं.

"बघ आक्का, इतकंच होतं," तो म्हणाला. "दोष कुठंतरी असतोच. शोधायलाच लागतंय."

त्या दिवशी तो जेवायला बसला तरी हसत होता. त्याला इतकं खूश मी त्यानंतर पाहिलं नाही.

पुढे सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून वायरी जोडणं, सुरू झालं. बॅटरीची जाड वायर बोर्डाला जोडायची होती आणि जोड काही टिकेना. चांगला जोड पाण्याच्या थेंबासारखा चकचकीत पसरतो, हे त्यानेच मला दाखवलं होतं. त्याचे मात्र मळकट, खडबडीत गोळे व्हायचे, ओढलं की सुटून यायचे. जाड तांबं उष्णता पिऊन टाकतं म्हणून त्याने मोठं सोल्डरिंग आयर्न आणलं. रुंद टोक आणलं. सोल्डरची तार बदलली, पेस्ट बदलली. "थिजताना वायर हलली की जोड कच्चा ऱ्हातो," असं मला समजावता समजावताच त्याने एक जोड केला, आणि मी पाहिलं, वायर हलत होती. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आत किडा बसल्यासारखा फडफडत होता.

"मिलिंद, हात हलायलाय तुझा."

"वायर जड हाय, आक्का."

महिनाभराने त्याला स्क्रूड्रायव्हर पिळता येईना. वर्गात खडू हातातून पडायला लागला, तेव्हा सुजाता त्याला हैदराबादला घेऊन गेली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार निघाला. औषध नाही. हा कशामुळे झाला, असं मिलिंदने तिथल्या डॉक्टरांना चार वेळा विचारलं म्हणे. चारही वेळा त्यांनी खरं तेच सांगितलं, की माहीत नाही. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा टेबलावरचा बोर्ड त्याने डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. "ह्यो चांगला हाय," म्हणाला आणि मग स्वतःच्या डोक्याला बोट लावलं. "ह्यो बी चांगला हाय. वायरी तेवढ्या तुटायल्यात."

मग आयर्न मी धरलं. घरातला फ्यूज बदलायला शेजाऱ्यांना बोलावणारी बाई मी. तो शेजारी बसून सांगायचा, "आधी तांबं तापव... सोल्डर आपोआप पळतंय... घाई करू नको." मी घाई करायचे. बोटं भाजून घ्यायचे, रडायचे, आणि मी भाजल्यामुळे रडते आहे असं तो समजायचा, किंवा तसं दाखवायचा. दीड वर्ष असं चाललं. तेवढ्या काळात त्याची काठी आली, मग चाकांची खुर्ची आली, मग शब्द जड झाले. शेवटी त्याचं बोलणं फक्त सुजाताला आणि मला कळायचं, आणि मला निम्मंच.

या वर्षी ड्रोन पूर्ण झाला. कॉलेजात न्यायचा तर आता प्रश्नच नव्हता. अंगणातच सुजाताने त्याची खुर्ची आणली. त्याला रिमोट धरता येत नव्हता, मी धरला. चारही मोटरी फिरल्या. ड्रोन गुडघ्याएवढा वर आला, मिलिंदच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि एक बाजू खाली जाऊन तो उलटा आपटला. उचलून पाहिलं तर एका मोटरीची वायर सुटून लोंबत होती. तो जोड माझा होता. मिलिंदने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"कच्चा... ऱ्हायला," तो म्हणाला. मग आणखी थोड्या वेळाने, "परत... करू."

"येत्या रविवारी करू," मी म्हणाले. पाच मिनिटांचं काम होतं. त्याच दिवशी करता आलं असतं, पण मला परतीची गाडी गाठायची होती. नंतर पेपर आले. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या छातीत कफ साठला, आणि तो खोकून काढण्याइतकंही बळ त्याच्यात उरलेलं नव्हतं.

जलदानविधी झाल्यावर पाहुणे गेले तेव्हा मी टेबलाशी बसले आणि ती वायर जोडली. एका दमात, चकचकीत जोड बसला. माझा हात जराही हलला नाही. त्याची मला इतकी लाज वाटली की मी बॅटरी लावलीच नाही. दोष सापडला होता, दुरुस्तही झाला होता आणि त्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

त्या खोलीत भिंतीशी त्याच्या सामानाच्या छोट्या डब्या ओळीने ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवर त्याचं मास्तरी, गोल, ठसठशीत अक्षर आहे. पुढे अक्षरं ओळ सोडून खाली उतरत जातात. एकीवर नुसतं 'मो' आहे आणि तिथून पेन घसरून चिठ्ठीच्या कडेपर्यंत गेलेली रेघ. त्यानंतरच्या सगळ्या माझ्या अक्षरात आहेत. मी अजूनही रविवारी जाते. आम्ही दोघी चहा घेतो. सुजाता रोज ती खोली पुसते, पण 'मो' लिहिलेल्या त्या एका डबीला ओलं फडकं लावत नाही. शाई पसरेल म्हणते.