कुशाबांनी अडवून धरलेली बिअर

आमच्या शेजारचे कुशाबा गळ्यात तुळशीची माळ घालतात. खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं बारीक अक्षर आधी मला वाचायला लावतात आणि त्यात अल्कोहोल निघालं तर तसेच खोकत बसतात. अशा माणसाने गेल्या डिसेंबरात भाताच्या कोठीच्या खोलीत वीस लिटर बिअर लावली आणि मी, पस्तीस वर्षं शाळेत पोरांना व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला लावलेला मास्तर, त्याचा साक्षीदार झालो. गावाचं नाव सांगत नाही. पोलादपूरपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

मुळात खूळ जावयाचं. कुशाबांची एकुलती एक लेक तेजश्री लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेली. जावई सुहास कंप्युटरवर नेमकं काय करतो ते कुशाबांना अजून कळलेलं नाही. मलाही नाही. त्याला परदेशातून आलेल्या मित्राने एक खोकं दिलं. बेल्जियमकडे करतात तशी गव्हाची बिअर घरी करायचं सामान होतं ते. डब्यात काकवीसारखा दाट अर्क, यीस्टची पुडी आणि झाकणावर बुडबुडे सोडणारी नळी बसवलेलं एक पिंप. पुण्यात वरच्या मजल्यावर घरमालक राहतो आणि त्याला कांद्याचासुद्धा वास चालत नाही. तेव्हा तेजश्रीनेच सुचवलं की आबांकडे करू. आबांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं रसायनांचे रिॲक्टर चालवले, त्यांना हा पोरखेळ.

सुहासला वाटलं, सासरे काठी घेतील. कुशाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पिनं माझं काम नाय. बॅच चालवनं माझं काम हाय."

आणि चालवली. आधी जावयाला दारातच थांबवून सुरक्षेचे नियम सांगितले. त्याची नखं तपासली. केस पडायला नकोत म्हणून डोक्याला पंचा बांधला. कुशाबांच्या बायकोने, बनुबाईंनी, खोक्यातल्या कागदात सांगितल्याप्रमाणे धणे कुटून दिले, संत्र्याची साल किसून दिली आणि हे तर लघवीला जळजळ झाली की द्यायचं धण्याचं पाणी, असं म्हणून विषय संपवला. सगळं उकळून झालं, पिंपात ओतलं, पण यीस्ट घालायचं ते बावीस अंशांवर, असं कागदावर होतं. तेविसावर सुहास म्हणाला, चालेल. कुशाबा म्हणाले, नाय चालनार. बाविसावर यायला दिवेलागण झाली.

आता लेक-जावई एरवी आले तरी जेवून तीनच्या ठोक्याला पुण्याला निघतात, वरंध घाट उजेडात चढायचा म्हणून. त्या दिवशी राहावं लागलं. दिवाळसण सोडला तर तेजश्री लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी मुक्कामाला राहिली. सकाळी नऊपर्यंत झोपली, मग चार घावन खाल्ले आणि आईशी मिठाच्या डब्यावरून भांडली. कुशाबा ओटीवर बसून नुसतं ऐकत होते.

जाताना सुहासने काचेचा एक मापक दिला, दुधात बुडवून बघतात तसला. पिंपातलं थोडं काढून त्यात हा तरंगवायचा. आकडा पंचेचाळीसवरून उतरत दहावर येऊन थांबला की काम झालं, मग येऊन बाटल्या भरू. कुशाबांनी वही घातली. रोज सकाळी सहाला रीडिंग, शेजारी त्यांची सही, खाली साक्षीदार म्हणून माझी. वहीच्या बाबतीत हा माणूस भलताच कडक. नोकरीत असताना कॅन्टीनमध्ये बसून रीडिंग लिहिलं म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची तक्रार केली होती. बनुबाई तेव्हापासून त्यांना मागितल्याशिवाय लोणचं वाढत नाहीत.

अकराव्या दिवशी आकडा दहावर आला. मी पाहिला, कुशाबांनी पाहिला. पण आदल्याच दिवशी तेजश्रीने फोनवर सांगितलं होतं की एकदा बाटल्या भरून झाल्या की आता थेट मे महिन्यातच येणं होईल. कुशाबांनी पेन उचललं, बराच वेळ नुसतं धरलं आणि वहीत कालचाच आकडा पुन्हा लिहिला, वीस.

"कुशाबा, दहा आहे," मी म्हटलं.

"मास्तर, चष्मा बदला."

मी सही केली. भित्रा आहे मी, दुसरं काय!

फोनवर आकडा ऐकून सुहासला वाटलं, बॅच अडकली, आंबणं मध्येच थांबलं. रविवारी दोघं धावत आली. थंडीने अडकली असेल म्हणून पिंपाला बाळंतिणीसारखी गोधडी गुंडाळली. बनुबाईंनी शेक देऊ का विचारलं. मुक्काम झाला. पुढचा आठवडाभर वहीत वीसच. पुन्हा रविवार, पुन्हा दोघं हजर, पिंप उचलून चुलीजवळ नेलं, वालाचं बिरडं झालं, पुन्हा मुक्काम. सुहास मापकाला हात घालायला गेला की कुशाबा अडवायचे, सारखं उघडलं तर जंतू शिरतात, मी सकाळीच घेतलंय. एकतीस वर्षांच्या अनुभवाशी वाद कोण घालणार! मला मात्र रात्री झोप येईना. खोट्या आकड्यांखाली माझ्या सह्यांची रांग लागली होती.

तिसऱ्या रविवारी सुहास यीस्टची नवी पुडी घेऊन आला. कुशाबा विहिरीवर गेले होते. त्याने पिंपाच्या तळाचा नळ सोडून थोडं काढलं आणि मापक टाकला. मी दाराकडे सरकलो. दहा. त्याने पुन्हा पाहिलं, मग वही चाळली. तेवढ्यात कुशाबा हंडा घेऊन आत आले.

सुहासने वही तेजश्रीपुढे धरली. तेजश्रीने विचारलं, "आबा, हे काय?"

कुशाबांनी हंडा खाली ठेवला. खोटं लिहायची सवय नसलेल्या माणसाला ते कबूल करायचीही सवय नसते. शेवटी म्हणाले, "बाटल्या भरल्या की तुमी मे महिन्यात येनार व्हतात."

"मग फोन करून ये म्हणायचं ना."

"दिलेल्या लेकीला उगाच ये म्हनता येत नाय गो. कायतरी कारन लागतं."

तेजश्री रडली. मीही रडलो, लपवत नाही. बनुबाई भावाच्या तक्रारीचा विषय काढायच्या बेतात होत्या, त्यांनीही तो गिळला.

सुहासने घसा साफ केला आणि खोक्यातला इंग्रजी कागद काढून गंभीरपणे वाचू लागला. म्हणाला, आबा, खरं काम तर बाटल्या भरल्यावरच सुरू होतं. दर रविवारी एक बाटली उघडून तपासावी लागते. एकच. बाटल्या तीस होतील.

कुशाबांनी विचारलं, दोघांनी यायला हवं का. सुहास म्हणाला, दोघांनीच, एकाने उघडायची, एकाने बघायचं. मुक्कामही करावाच लागेल, कारण चव घेऊन घाटात गाडी चालवता येत नाही.

"तसं लिवलंय कागदावर?" कुशाबांनी विचारलं.

"लिहिलंय," सुहास म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं.

तो कागद मी पहिल्याच दिवशी वाचला होता. दोन आठवडे ठेवा आणि ताजी असतानाच संपवा, एवढंच त्यात होतं. मी म्हटलं, हो, लिहिलंय.