राहिलेले अडतीस किलोमीटर

दहाव्याला गंगेवर कावळा पिंडाला शिवेना. दहावा माझ्या धाकट्या भावाचा. रामकुंडापाशी आम्ही वीसेक माणसं माना वर करून उभे होतो. समोरच्या पत्र्यावर सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली येत नव्हता.

"त्याचं काहीतरी राहिलंय. बोला की कुणीतरी," मामा म्हणाले.

भावजयीनं मुलीच्या शिक्षणाचं सांगितलं. मामांनी तिच्या लग्नाचं सांगितलं. काही नाही. पिंडाशेजारी त्याच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. त्यात त्याचं धावायचं घड्याळही होतं. त्याकडे बघता बघता मी बोलून गेलो, "तुझं धावायचं राहिलंय ते मी पुरं करतो."

कावळा आला.

"तू?" मामा कानाशी पुटपुटले. "वाचनालयाच्या जिन्यात मधेच बसतोस तू!"

तेराव्यानंतर भावजयीनं घड्याळ माझ्या हातात दिलं. "दादा, आता हे तुमच्याकडेच असू द्या." तोवर मला वाटत होतं, किती राहिलंय ते घड्याळात दिसेल. त्यात शून्य दिसत होतं.

पुतणीनं समजावलं. "काका, बाबांनी महिन्याला शंभर किलोमीटर ठरवले होते. बासष्ट झाले होते. पण एक तारखेला घड्याळ परत शून्यावर येतं."

"म्हणजे अडतीस राहिले."

"घड्याळ शंभर म्हणतंय."

तो गेला तेव्हा महिना संपायला चार दिवस होते. मी शब्द दिला तो पुढच्या महिन्यात. मग मी अडतीसचा शब्द दिला की शंभरचा? मी अडतीस धरले. शंभर मला झेपणारे नव्हते, हे त्यामागचं खरं कारण.

रोज सकाळी मी नदीकाठच्या ट्रॅकवर जाऊ लागलो. घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत हलायचं नाही, असं पुतणीनं बजावलं होतं. मी हात पुढे धरून उभा राहायचो. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "साहेब, नाडी बघताय का?" मी हो म्हणालो. खरं काय ते सांगायला बराच वेळ लागला असता.

एका बाकापासून त्याच बाकापर्यंतची फेरी सोमवारी दोन किलोमीटर भरली आणि मंगळवारी एक पूर्णांक आठ. झाडाखालून गेलं की नकाशावरची माझी रेघ नदीत उतरायची. मी थोडा धावायचो, मग चालायचो. फार हळू चाललो की घड्याळ मला थांबलेला समजायचं आणि मोजणं बंद करायचं. दम लागलेला, पाय दुखताहेत, आणि मनगटावर लिहिलेलं की मी उभा आहे. आयुष्यभर पुस्तकांची पानं मोजली. पान वाचलं की वाचलं. ते परत कमी होत नाही. हे मोजणं मला कळेना, म्हणून मी वहीत प्रत्येक फेरीचे सरळ दोन किलोमीटर लिहू लागलो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या वहीत अडतीस झाले. घड्याळात एकतीस होते. मी संध्याकाळी पुतणीकडे गेलो आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवलं.

"झालं का गं?"

तिनं वही वाचली, घड्याळ बघितलं, आणि का कोण जाणे, हसली. "काका, बाबांचे कधीच शंभर झाले नाहीत. सत्तर-पंचाहत्तरवर महिना संपायचा. आई चिडवायची. मग बाबा म्हणायचे, आता पुढच्या महिन्यात बघ."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मी घरी आलो. त्याचं जे पुरं करायला निघालो होतो, ते त्यालाच कधी पुरं झालं नव्हतं. मग राहिलं होतं म्हणजे नेमकं काय? आणि ते मी पुरं केलं, तर ते त्याचं उरेल का? वहीतल्या अडतीसखाली रेघ ओढायला पेन घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

सकाळी एक तारीख होती. घड्याळात शून्य. ट्रॅकच्या फाटकात, घड्याळाचं मोजणं सुरू करायच्या बटणावर बोट ठेवून मी उभा होतो. मागून एक बाई आल्या. "सरका ना काका, वाटेत काय उभे राहता!"

मी सरकलो आणि तसाच पुढे चालू लागलो. बटण दाबलं होतं की नाही, ते पहिल्या वळणापर्यंत बघितलं नाही.