शाईखालचा शब्द

आमचे इंग्रजीचे सर छापील पानावर शाई फासायचे. हे वाक्य मी आत्ता लिहिलं, पुन्हा वाचलं, तरी मला ते खरं वाटत नाही. वर्गात येण्याआधी ते एखाद्या इंग्रजी मासिकाचं पान घ्यायचे, बारीक कुंचला दौतीत बुडवायचे आणि ओळीतले मधले मधले शब्द काळे करून टाकायचे. मग ते पान आमच्यापुढे धरून विचारायचे, "सांगा, शाईखाली काय आहे?" सगळं कॉलेज त्यांना दौतवाले सर म्हणत असे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर कायम एक काळा डाग असायचा. धुतलेल्या सदऱ्यावरही असायचा.

पहिल्या दिवशी ते पान पाहून मी घाबरलो होतो. मी मौद्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. घरात एकच पुस्तक होतं, बुद्धवंदनेची पातळ पुस्तिका, आणि तिला हात लावण्याआधी आई हात धुवायला लावायची. छापलेलं अक्षर कोणी मुद्दाम बुजवू शकतो, आणि तोही शिक्षक, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला तयार नव्हती. मी शेजारी बसलेल्या शंकरकडे पाहिलं. शंकर कळमेश्वरचा, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारा. तो हळूच म्हणाला, "काहून घाबरून राहिला गा? त्याइनं कागद काळा केला, तुले नाही केलं."

घाबरायला कारण होतं. आदल्या वर्षी, दुसरे सर शिकवायला असताना, मी इंग्रजीत नापास झालो होतो. बाबा भाताच्या मिलमध्ये हमाली करतात. निकाल ऐकून ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एक डाव चुकते मानसाचं. पन औंदा गेला त मंग माह्यासंगं मिलमंदी ये. दोघं मिळून पोते उचलू." बाबा चेष्टेत बोलत नाहीत. त्यामुळे या वर्षी इंग्रजी सुटलं तर कॉलेज, नाहीतर मिल, इतका तो सरळ हिशेब होता.

त्यासाठी मी माझ्या परीने तयारी केली होती. घरात आलेलं दुसरं पुस्तक म्हणजे माझी डिक्शनरी. आईनं तिला जुन्या लुगड्याच्या कापडाचं वेष्टन शिवलं होतं. मी ती पहिल्या अक्षरापासून पाठ करत होतो. सगळे शब्द येत असतील तर कुठलाही उतारा आपल्याला अडवू शकणार नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. आमच्या गावाकडून आलेली बरीच मुलं असंच करत. कोणी आम्हाला वेगळं सांगितलंच नव्हतं.

त्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात डिक्शनरी पाहिली आणि विचारलं, "कशाला आणलीस?"

"पाठ करतो आहे, सर."

"काय पाठ करतो आहेस?"

"हीच, सर. सगळी."

सर प्लॅटफॉर्मवर चक्क खाली बसले. वर्ग हसू लागला, पण सर हसत नव्हते. त्यांना खरोखर धक्का बसला होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "कुठवर आलास?"

"सी संपत आला, सर."

"बरं," ते म्हणाले, "आता इकडे ये आणि हे वाच."

त्या पानावर दोन वाक्यं होती. पहिल्याचा अर्थ असा होता की पहाटे शेतकऱ्यानं बैलांना काहीतरी केलं आणि बैल गाडी ओढू लागले. ते 'काहीतरी' शाईखाली होतं. मागून कोणी म्हणालं, "मारलं." कोणी म्हणालं, "हाकललं." सर म्हणाले, "घाई नको. पुढे वाच." दुसऱ्या वाक्यात संध्याकाळी त्यानं बैलांना पुन्हा काहीतरी केलं आणि बैल गोठ्यात जाऊन बसले. सर म्हणाले, शब्द तोच आहे. तोही काळा होता, पण त्याच्या सुरुवातीची 'अन' एवढीच अक्षरं सरांनी उघडी ठेवली होती. सकाळी जे केलं ते संध्याकाळी उलटं केलं. मी भीत भीत म्हणालो, "सर, जुंपलं असेल. आणि मग सोडलं."

सरांनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला. योक. मी तो जन्मात पाहिला नव्हता. सर म्हणाले, "हा शब्द वायमध्ये येतो. तू सीवर आहेस. तिथं पोचेपर्यंत तुझे बैल म्हातारे झाले असते, बाबू." मग त्यांनी माझी डिक्शनरी दोन्ही हातांनी उचलली, वेष्टनावरून हात फिरवला आणि आपल्या पिशवीत ठेवली. "परीक्षा झाली की घरी येऊन घेऊन जा. प्रतापनगरात राहतो मी. हिच्यावर शाई पडणार नाही, काळजी करू नको."

मी रात्रभर तळमळलो. शंकर म्हणाला, "तुही डिक्शनरी गेली गा. आता सरच्या दौतीतच डोकं बुडव."

सर व्याकरण फारसं शिकवत नसत. ते अडलेल्या शब्दाजवळ कसं वागायचं ते शिकवत. अनोळखी शब्द आला की माझा श्वास थांबायचा. आदल्या वर्षी अपठित उताऱ्याच्या दुसऱ्याच ओळीत असा शब्द आला होता आणि मी तो आठवत बसलो ते घंटा होईपर्यंत. सर म्हणत, "शब्दाकडे टक लावून काय पाहतोस? तो काही बोलणार नाही. त्याच्या शेजाऱ्यांना विचार. मोहल्ल्यात नवा माणूस आला तर आपण कुठं करतो चौकशी? पानठेल्यावर. त्याच्या घरात नाही घुसत."

अर्थ सुचला की तो लगेच मान्य करायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. "अर्थ चपलेसारखा असतो. घालून चार पावलं चाल. चावला तर काढ." मी एकदा एका वाक्यात 'आनंद' असा अर्थ बसवला. पुढच्या वाक्यात त्या घरातली बाई रडत होती. सर माझ्याकडे पाहत नुसते उभे राहिले. शेवटी मीच म्हणालो, "चावला, सर."

आणि तिसरं म्हणजे, एक शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर ते खूश व्हायचे. "एकदा आला तर तो पाहुणा. निघून जाऊ दे. पण वारंवार येत असेल तर घरातलाच माणूस आहे. दर वेळी तो केव्हा येतो, त्याच्या आधी काय झालेलं असतं, ते बघ. तो आपोआप ओळख देईल." हे ते इतक्या वेळा सांगत की शंकर खानावळीत वांग्याची भाजी आली की म्हणायचा, "हे घरातलंच मानूस आहे गा."

हिवाळा संपता संपता मला थोडा धीर येऊ लागला होता. उतारा वाचताना श्वास थांबत नव्हता. अशात एका सकाळी शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, "सर येनार नाही आता. अंगावरून वारं गेलं त्याइच्या." टेबलावर आदल्या दिवशीचं पान तसंच पडलं होतं, काळ्या शब्दांचं.

मला आधी सरांची काळजी वाटली. मग परीक्षेची वाटली. सर नसतील तर माझ्याजवळ काय उरलं, असा विचार करता करता मी डिक्शनरीपाशी आलो. निदान ती तरी हाताशी असावी. म्हणून एका दुपारी मी प्रतापनगरात त्यांच्या घरी गेलो.

सर पुढच्या खोलीत खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात निर्जीव. सदरा पांढरा स्वच्छ होता, खिशावर डाग नव्हता. तो डाग नसलेला पाहून मला जो धक्का बसला, तो त्यांचं तोंड पाहूनही बसला नव्हता. मी नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं, डोळ्यांत तसं दिसलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला बस म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

"पाणी," सर म्हणाले.

काकूंनी आतून पेला आणला. सरांनी तो डाव्या हातानं इतक्या जोरात ढकलला की पाणी माझ्या पायावर सांडलं. काकू खाली वाकून पुसू लागल्या. "हे असं चाललं आहे बघ," त्या म्हणाल्या. "दुसरा शब्दच नाही तोंडात. पाणी मागतात, आणलं की चिडतात. औषध देऊन पाहिलं, खिडकी लावून पाहिली, भांडं देऊन पाहिलं. डॉक्टर म्हणतात, समजतं त्यांना सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही, भलताच येतो. मी काय समजायचं, सांग तू मला."

इंग्रजीचे इतके शब्द ज्यांना येत होते त्यांच्याजवळ एक मराठी शब्द उरला होता, आणि तोही चुकीचा. मी खुर्चीत आखडून बसलो. ओला टॉवेल आत टाकायला काकू उठल्या. सर म्हणाले, "पाणी." फाटकाशी शेजारणीनं हाक मारली, काकूंनी पदर सावरला. "पाणी." मधल्या वेळात मी उठून खुर्ची सरकवली, तेव्हा ते काही म्हणाले नाहीत. काकू परत येऊन स्टुलावर टेकल्या, तेव्हाही गप्प होते.

मला वाटलं ते मी बोलावं की नाही, कळत नव्हतं. ते नवराबायकोमधलं होतं आणि मी परका पोरगा. तरी म्हणालो, "काकू, आता ते पाणी म्हणाले तर उठू नका. नुसत्या बसून राहा."

"आणि तहान लागली असली तर?"

"मी आणतो. तुम्ही फक्त बसा."

चहाची आठवण होऊन त्या अर्ध्या उठल्याच. "पाणी," सर म्हणाले. मी काकूंकडे पाहिलं. त्या परत बसल्या. सर शांत झाले. त्यांची मान उशीवर सैल पडली. आतापर्यंत दर वेळी काकू पाणी आणायला जात होत्या, म्हणजे दर वेळी उठून जात होत्या.

काकू सरांकडे पाहत म्हणाल्या, "अहो, बस म्हणत होता का मला?" सरांनी डोळे मिटले आणि उघडले. त्या स्टुलावरून खाटेच्या काठावर सरकल्या. "लग्न झाल्यापासून मी आतबाहेर करते आहे," त्या मला म्हणाल्या, की स्वतःलाच म्हणाल्या, "कधी बस म्हणाले नाहीत."

सर माझ्याकडे पाहत होते. वर्गात उत्तर बरोबर आलं की ते पाहायचे तसे, असं मला वाटलं. कदाचित नसतीलही.

डिक्शनरी समोरच्या कपाटावर वेष्टनासकट ठेवलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. कपाट खाटेच्या पलीकडे होतं, काकूंच्या पाठीमागे. मी ती मागितली असती तर काकू उठल्या असत्या. मी चहा न घेता, डिक्शनरी न घेता निघालो.

परीक्षेत अपठित उताऱ्याच्या पहिल्याच ओळीत अनोळखी शब्द आला. मी त्याच्यावर अंगठा ठेवला, शाईसारखा, आणि पुढे वाचत गेलो. निकाल लागला तेव्हा मी पास होतो. गुण थोडे होते, पण मिलमध्ये जावं लागणार नव्हतं. बाबा फक्त "बरं झालं" म्हणाले आणि त्या दिवशी लवकर घरी आले.

सरांना मी शेवटचं भेटलो ते निकाल सांगायला गेलो तेव्हा. काकू खाटेवरच बसून भाजी निवडत होत्या. विळी, ताट, सगळं त्यांनी तिथंच मांडलं होतं. मी पास झाल्याचं सांगितलं. सरांचा डावा हात चादरीवर हलला. मौद्याची गाडी सुटायची वेळ होत आली, म्हणून मी उठलो.

"पाणी," सर म्हणाले. काकू तर माझ्यासमोरच बसलेल्या होत्या.

मी परत बसलो.