कोण कुठे जेवणार

मी नाटकाचा सौदा करायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो, असं आमच्या मंडळीत म्हणतात. ते खरं आहे. स्टेज केवढं, जनरेटर कोणाचा, पुढे खुर्च्या की सतरंज्या, अंकाच्या मध्ये कोण्या पुढाऱ्याचा सत्कार घुसवायचा नाही, हे सगळं मी गावकऱ्यांच्या तोंडून वदवून घेतो. आवाज चढवावा लागला तर चढवतो. उठून जावं लागलं तर पायात चपला घालून दारापर्यंत जातोही, आणि ते परत बोलावतातच. एका गोष्टीवर मात्र मी कधी हुज्जत घातली नाही. मंडळींच्या जेवणावर.

आमचं घर वाशिमला लागून, बागायतीचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, डोक्यावरून बाजारात नेत मी मोठा झालो. पुढे मंडप-डेकोरेशनचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला. तेव्हा शहरात मास्तर, वकील, कारकून अशा लोकांची एक हौशी नाट्यमंडळी होती. त्यांचे पडदे मी बांधायचो, लाइट मी लावायचो, आणि दरवर्षी म्हणायचो, मलाही एखादं काम द्या. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर यायचं. शेवटी एकदा दिलं ते गड्याचं. तांब्या ठेवायचा आणि जायचं. तालमीत मी विचारलं, कपडे काय घालू? दिग्दर्शक, एक मास्तर, म्हणाला, "तुम्हाला वेगळं काही करायची गरज नाही, असेच या." सगळे हसले. मीही हसलो. त्यातले काहीजण आजही रस्त्यात भेटले की हात जोडतात. मी जोडत नाही.

स्वतःची मंडळी काढली ती त्याच रागातून. ज्याला काम करायचं आहे त्यानं यावं, असं मी सांगितलं आणि माणसं आली. शिंपी आला, कॉलेजची पोरं आली, तांड्यावरचा एक गायक आला. बौद्ध वस्तीतून पेटीवाले मामा आले, ते आजतागायत माझ्याबरोबर आहेत. प्रयोगाच्या आधी मी स्वतः माइक हातात घेऊन सांगायचो, "आमच्या मंडळीत जात नाही." टाळ्या पडायच्या. टाळ्या मला आवडायच्या, आणि त्या वाजत असताना मला ते मास्तर आठवायचे.

आमच्या भागात बाहेरून नाटक आलं की कलाकारांना घरोघरी वाटून देतात. दोघं या घरी, तिघं त्या घरी. ज्याच्या घरी हिरॉईन जेवते त्याला चार दिवस बोलायला विषय मिळतो. या वाटणीची बोलणी मी फोनवर करायचो. स्टेजचं, लाइटचं झालं की मी हळूच म्हणायचो, "अन् भाऊ, आमचे काही लोक तिकडच्या घरी पाठवा, त्याईची सोय तिकडंच बरी." कोणी 'तिकडं' म्हणजे कुठं असं विचारायचं नाही. मी याला व्यवस्थापन म्हणत होतो. दारात कोणाचा अपमान होण्यापेक्षा आपणच आधी सांभाळून घेतलेलं बरं, असा माझा हिशेब होता. पेटीवाले मामा काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं मी होकारात धरलं होतं.

मग मंडळीत एक मुलगी आली. पोस्टात नोकरी करते, बापही नोकरीवालाच. आमच्या नव्या नाटकात ती वकिलीणबाई करते, सासऱ्याच्याच विरुद्ध खटला लढणारी. तिनं पहिल्या तालमीत काळा कोट घातला आणि माझ्यासारख्या माणसाची मान आपोआप खाली गेली, इतकी ती त्या कोटात बसली. गावात प्रयोग संपला की बायका तिला "वकिलीणबाई, आमच्याही घरचं एक प्रकरण पाहा नं" म्हणायच्या. तिला ते फार आवडायचं. टेम्पोत बसल्यावर ती त्या प्रकरणांच्या नकला करून दाखवायची.

मागच्या हंगामात एका गावी जेवायला निघताना दुसरी एक नटी तिचा हात धरून म्हणाली, "चाल वं, माझ्यासंगं. मोठ्या वाड्यात पुरनपोळी हाये म्हनतात." मी मध्ये पडलो. "नाही, नाही. तुझं घर तिकडं ठरलं." ती थांबली. माझ्याकडं पाहिलं. तिकडं गेली, जेवून आली, काम नेहमीसारखं केलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मंडपाच्या गोदामात, जिथं आमच्या तालमी होतात, ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, मले दरवेळेस तिकडंच काहून?"

"तुझी सोय व्हावी म्हनून, बाई."

"तिकडचे लोक मले जीव लावतात, त्याचं काही नाही. पन सोय कोनाची व्हते? माझी का तुमची?"

मी म्हणालो, "गावं कशी असतात तुले माहीत नाही."

"मले?" ती हसली. "मले माहीत नाही, अन् तुमाले माहीत हाये?"

पेटीवाले मामा भात्याला चिकटपट्टी लावत बसले होते. ते वर न पाहता म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली."

इतक्या वर्षांत त्यांचं या विषयावरचं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, आधी का नाही बोललात? मग लगेच लक्षात आलं की मी विचारलं कधी होतं.

तिची मागणी लहान होती. पुढच्या गावापासून सगळी मंडळी एकाच जागी जेवेल. शाळेचा वऱ्हांडा चालेल, मंदिराबाहेरचं पटांगण चालेल, एका घरचं अंगण चालेल. "फोनवर इतकंच सांगा. कारन सांगू नका. माझं नाव तर काढूच नका." मी म्हणालो, "झालं समज."

पुढचं गाव रिसोड तालुक्यातलं होतं. नाव लिहीत नाही. तिथं आम्ही त्याच्या आदल्या वर्षीही हेच नाटक घेऊन गेलो होतो आणि त्यांनी ते पुन्हा मागितलं होतं. मी फोन केला, स्टेजचं बोललो, जनरेटरचं बोललो, आणि जेवणाचं बोललो नाही. समोरासमोर सांगू, तिथं आपला जोर असतो, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सुपारी, म्हणजे ठरलेला प्रयोग, हातची जाईल, ही भीती होती.

संध्याकाळी पोचलो. कमिटीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड, त्यांच्या ओसरीवर आम्हाला घेऊन गेले. ओसरीवर एका बाजूला स्टीलची ताटं मांडून ठेवलेली होती. त्यांनी कोण कुठे जेवणार ते सांगायला सुरुवात केली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, यंदा वाटनी नाही. सगळे एकाच जागी जेवतीन."

अध्यक्ष गोंधळले. म्हणाले, "बाप्पा, मी तर मागच्या साली हेच म्हनत होतो. सगळ्याईचा सैपाक आमच्याच आंगनात करू म्हटलं. तुमीच सांगतलं नं, का काही लोक तिकडं पाठवा म्हनून? आमी तर इचारलंबी नव्हतं."

ओसरीवर आमची सगळी मंडळी उभी होती. मी त्या मुलीकडं पाहिलं नाही, पण ती माझ्याकडं पाहत होती हे मला पाठीला कळत होतं. मान्य करून गप्प बसलो असतो तर तेवढ्यावरच निभावलं असतं. पण मला लाज वाटली की राग येतो, हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे.

मी ओरडलो. "नव्हतं इचारलं! इचारत नाही तुमी, वास घेता! ही पोरगी बौद्ध हाये. हे मामा बौद्ध हायेत. जेवतीन तुमच्या ताटात? बोला, चालते का? आमच्या मंडळीत जात नाही, समजलं का?"

ओसरीच्या आतल्या दारात बायका उभ्या होत्या. रस्त्यावर पोरं जमली होती. अध्यक्ष म्हणाले, "अहो, आमी कुठं नाही म्हटलं?" आणि आत गेले. आत बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं. मग एक म्हातारी बाहेर आली आणि कोणाकडं न पाहता तिनं ती स्टीलची ताटं एकावर एक रचून आत नेली. थोड्या वेळानं एकजण दुकानातून पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आला. अध्यक्ष हसून म्हणाले, "धुवाची झंझट नको, म्हटलं."

आम्ही सगळे एकाच जागी जेवलो. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं. पेटीवाले मामांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि बाकीचं तसंच ठेवलं. ती मुलगी मात्र पूर्ण जेवली. वरण मागून घेतलं. वाढणाऱ्या बाईनं पळी उंच धरली होती, एवढी उंच की वरणाचे शिंतोडे मुलीच्या ओढणीवर उडाले. तिनं ते पदरानं पुसतात तसे ओढणीच्या टोकानंच पुसले.

प्रयोगात तिनं काळा कोट घालून एंट्री घेतली तेव्हा पुढच्या रांगेत बायकांची डोकी एकमेकींकडं झुकली. मी विंगेत उभा होतो. खटल्याच्या प्रवेशात सासऱ्याला उलट विचारायचं वाक्य तिला आठवेना. ती कधी विसरत नाही. मामांनी पेटीवर दोन सूर धरून वेळ काढला, आणि ती सावरली. प्रयोग संपल्यावर नेहमी बायका स्टेजजवळ येतात. त्या दिवशी एकही आली नाही. ती कोट घडी घालून टेम्पोत चढली. वाटेत तिनं कोणाची नक्कल केली नाही.

त्यानंतरच्या तालमीला ती येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली, पण कोटाची पिशवी माझ्यासमोर ठेवली.

मी म्हणालो, "मी तुझ्यासाठीच भांडलो, बाई."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "काका, त्या गावात मी वकिलीन होतो. एक साल झालं होतो. मी कुठं जेवतो हे कोनाले माहीत असन, तरी बाया मले बाई म्हनत. तुमी ओसरीवर उभं राहून मले खाली उतरवलं. अन् वरून म्हनता, जात नाही. मंग माझी जात मोठ्यानं सांगतली कोनं?"

"माझी चूक झाली."

"चूक त्या दिवशीची नाही. त्या दिवशी तुमाले राग आला, मानसाले येते. पन त्याच्या आधी तुमी फोन करून करून, ज्यानं इचारलं नाही त्यालेबी सांगत गेले. कितीक घरं आमाले आत घेतीन की नाही, हे तुमी त्याईले ठरवूच देल्लं नाही. आमाले तर नाहीच."

माझ्या मनात काय होतं तेही लिहितो, कारण नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मनात होतं, एवढं मी या लोकांना उभं केलं, आणि एकजणही आभार मानत नाही. हे शब्द तोंडापर्यंत आले होते. त्या मास्तरांनीही माझ्याबद्दल नेमकं हेच म्हटलं असेल, काम दिलं तरी तोंड वाकडंच, असं काहीतरी.

मामा म्हणाले, "आता जेवनाचं हे पोरगी बोलीन. तुमी स्टेजचं बोला."

मुलीनं पिशवी परत ओढून घेतली आणि शेलूबाजारकडच्या एका गावाला तिथंच फोन लावला, स्पीकरवर. "दादा, आमी सगळे एकाच जागी जेवू. वाटनी करू नका." पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं ताई. भाजी कायची करू?" ती म्हणाली, "वांग्याची करा, तिखट जरा कमी." झालं. एवढंच. मी गोदामातल्या बांबूंवर बसून ऐकत होतो, आणि मान वर करावी असं वाटत नव्हतं.

तिचा दुसरा फोन किन्हीराजाच्या अलीकडच्या एका गावाला गेला. तिथला माणूस अडला. इतक्या लोकांचं एका जागी जमत नाही, आमच्याकडं घरं ठरलेली आहेत, असं गोलगोल बोलत राहिला. तिनं शांतपणे म्हटलं, "मंग आमचं यंदा जमनार नाही, दादा," आणि फोन ठेवला. सगळे माझ्याकडं पाहू लागले. हातची सुपारी मी आजवर सोडलेली नव्हती.

"तालीम सुरू करा," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

अंगणात उभं राहून मी त्याच माणसाचा नंबर काढला. आत तिचा आवाज लागला होता, खटल्याचा प्रवेश. माझ्या डोक्यात बोलणं तयार होतं: पोरीचं काय मनावर घेता, तुम्ही घरं सांगा, मी मंडळींना समजावतो. शब्दसुद्धा शोधावे लागले नाहीत. अंगठा बटणावर होता.

बटण न दाबताच फोन खिशात टाकून मी आत गेलो. मामांनी विचारलं, "कुठं गेल्ते?" मी म्हणालो, "पानी प्यायला." आणि खाली बसून तिला वाक्यं देऊ लागलो.