सीटखालचा नवा प्लग

आज गाडीचा जुना प्लग काढला अन् जळक्या पेट्रोलचा तोच वास नाकात गेला, बस, मले ती सकाळ आठवली! दादाची मौद्याले नोकरीची मुलाखत होती, दहा वाजता. मेकॅनिकनं आधीच सांगितलं होतं का प्लग अन् एअर फिल्टर आता बदलूनच टाका. दादानं दोन्ही आणून माझ्या हातात दिले, कारण आमच्या महाल मोहल्ल्यातल्या घरी गाडीचा एक्सपर्ट मीच ना! फिल्टर तर बदललं, पण जुना प्लग मी पॉलिश पेपरनं घासला, किक मारली अन् गाडी एका दमात चालू. मग नवा काहून वाया घालवू? तो डबीसकट सीटखाली ठेवून दिला. "प्लग बदलला ना गा?" शर्ट खोचता खोचता दादानं विचारलं. "अरे बदलला, जा तू बिनधास्त!" गाडी मौद्याच्या अलीकडं बंद पडली. दादानं सीट उघडली तर नवा प्लग तिथंच, अन् तो बसवायचा पाना घरी, माझ्या पँटच्या खिशात. भर उन्हात गाडी ढकलत तो पोचला तवा मुलाखती आटोपल्या होत्या. संध्याकाळी त्यानं डबी माझ्या हातावर ठेवली, एवढंच म्हणे, "आता पाना आहे ना? बसव." ना ओरडला, ना आईले सांगितलं. आता त्याले दुसरीकडं नोकरी आहे, गाडी अजून मीच पाहतो. पण "बदलला ना गा?" असं तो त्यानंतर कधीच विचारत नाही. आजही मी काढलेला काळा प्लग त्याच्यापुढं नेऊन ठेवला. त्यानं पाहिलंही नाही.