दाजींच्या खुणा

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. कोल्हारच्या देवीनं काय दिलं ते सांगायचं, तर आधी मी काय केलं होतं ते सांगावं लागतं, आणि तिथंच हात अडत होता.

आमचं गाव राहात्याजवळ. शेताच्या कच्च्या वाटांसाठी मी जुनी फोर व्हील ड्राइव्हची जीप ठेवली आहे. तिची सगळी कामं दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, करायचे. देवळाली प्रवऱ्याला त्यांचं गॅरेज आहे. एका पावसाळ्यात त्यांनी प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब दांड्याचे, सांधे नवे बसवले. महिन्याभरात जीप ओढ्यात बंद पडली. ट्रॅक्टरनं ओढून आणायची म्हणून तो दांडा मीच सोडवला, त्याचे दोन भाग सुटे झाले, ते नंतर मीच जोडले. चार तर बोल्ट, त्यात कुणाला काय विचारायचं! तेव्हापासून गाडी चाळीसच्या पुढं गेली की खालून खडखडाट सुरू व्हायचा. सायलेन्सरचे क्लॅम्प आवळले, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश बदलले. आवाज तसाच.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. अंगणात पाहुणे होते. कुणीतरी हसत म्हणालं, "जीप हाय का मळणीयंत्र?" मला ते झोंबलं. मी म्हणालो, "दाजींच्या हातचं काम हाय, वाजणारच." दाजींनी वाकून गाडीखाली पाहिलं, हात झटकले आणि न जेवता निघून गेले. त्यांचं गप्प राहणं मी कबुली ठरवलं. दांडा मी सोडवला होता, हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. म्हणूनच मी मोठ्यानं बोललो.

ताईनं माहेरी येणं सोडलं. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. आई आजारी पडली तेव्हा ती आली, पण दाजी घराची पायरी चढले नाहीत. जाण्याच्या चार दिवस आधी आई मला म्हणाली, "जावईबापूंनी काम नीट करायला पायजे हुतं रे." मी तिच्या पायांवर पांघरूण सारखं केलं.

आई गेल्यावर पौषात मी कोल्हारला भगवतीमातेच्या दर्शनाला गेलो. काय मागावं सुचेना. नुसता उभा राहिलो. बाहेर आलो तर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाभळेश्वरपर्यंत सोडता का विचारलं. गाडीनं वेग घेतला तसे ते म्हणाले, "पावनं, हे ऐकू येत न्हाई का तुमाला?"

"येतंय की."

"मग चालवता कशी? घ्या बाजूला."

चाकांना दगड लावून, पोतं अंथरून ते खाली शिरले. दांड्याची एक नळी दुसरीत सरकते, त्या जागेवरचा चिखल त्यांनी पान्यानं खरवडला आणि मला खाली बोलावलं. दोन्ही भागांवर पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, ठोकलेले दोन-दोन ठिपके होते. ते समोरासमोर यायला हवेत. माझ्या जोडणीत भलतीकडंच होते. "कोन हाय हा मिस्त्री? लई नेटका मानूस. खुना करून ठेवल्यात, म्हंजे पुढच्यानं चुकू नये. आन् चुकलंच कुन्या दीडशहाण्याचं."

मी आडवाच होतो. गाडीखाली तोंड लपवायची सोय होती, एवढंच. त्यांनी बोल्ट काढून दांडा ओढला, फिरवला, ठिपके जुळवले. साठच्या पुढं नेली तरी गाडी गप्प. बाभळेश्वरला ते उतरले आणि मी नाव विचारायच्या आत बाजाराच्या गर्दीत गेले. ते कोण होते, यावर मी वाद घालत नाही.

मी तिथूनच गाडी वळवली. देवळालीला दाजी गॅरेजमध्येच होते. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला त्याच दिशी दिसलं हुतं. बोल्टांवर पान्याचे नवे घाव हुते."

"मग बोलला का नाही?"

"चार मानसांत तुझी मान खाली घालून तुझ्या ताईला काय मिळालं असतं?"

ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं चहा ठेवला, कप माझ्या हातात दिला, आणि म्हणाली, "आईला आता कोन सांगनार?"

त्याच आठवड्यात मी दसऱ्याच्या प्रत्येक पाहुण्याच्या घरी जाऊन खरं सांगितलं. दाजी आता घरी जेवतात. पूर्वी देवीपुढं मागणी घेऊन बसायचो. आता झालं ते, काही न वगळता, तिला सांगतो. माझ्या हातात तेवढंच आहे. आईपर्यंत पोचवणं तिच्यावर सोपवलं आहे.