आतोबांचा मायना

निजाम सरकारचं राज्य ज्या मोजक्या खांबांवर उभं होतं, त्यांतला एक खांब आमच्या गल्लीत राहत असे आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. सरकारला याची खबर नव्हती. आतोबांनी ती कळवायचा प्रयत्न बऱ्याचदा केला. पण त्यांच्या लिहिण्याची तऱ्हा अशी, की खबर यायच्या आत कागद संपे.

धंद्याने ते अर्ज लिहून देणारे. आमचं गाव गेवराईपासून दोन कोसांवर. तिथून ते रोज शेरवानी घालून निघत आणि कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून बसत. ही शेरवानी त्यांनी हैदराबादेत जुन्या बाजारात घेतली होती. ती मुळात ज्याच्यासाठी शिवली होती तो गृहस्थ इतका भरदार असावा, की आतोबा आत शिरल्यावर शेजारी आणखी एका अर्ज लिहिणाऱ्याची सोय झाली असती. खाली धोतर, वर लाल रुमी टोपी. अर्ज उर्दूत आणि मायना असा, की ज्याला लिहिला त्यालाही आपण एवढे मोठे आहोत हे पहिल्यांदाच कळावं. चकलांब्याचा एक शेतकरी बांधाची तक्रार घेऊन आलेला मला आठवतो. आतोबांनी दीड घटका वाचून दाखवलं, तेव्हा त्याने भीत भीत विचारलं, "मुनशीजी, माज्या बांधाचं कुठं आलं ह्याच्यात?"

"येतंय की. शेवटाला हाय."

"तवर शेजारी बांध उचलून घरी नेईल न."

"नेऊ दे. आर्जाला आदुगर आदब पायजे."

घरीही हीच भाषा. जेवायला बसताना ते पाटावरून म्हणत, "आर्ज आसा हाय, की भुकेचा मामला लई येळ पडून हाय." त्यावर आत्या चुलीपुढून मान न वळवता म्हणे, "दाखल करून घेतला. पिठलं व्हायचंय आजून." एकदा ते भर दुपारी आमच्या ओसरीवर आले. जोडे काढले, टोपी नीट केली, माझ्या वडिलांची तब्येत विचारली, म्हशीची विचारली, नेकनूरच्या पाहुण्यांची विचारली. पाणी प्याले. मग म्हणाले, "आन नाना, दुसरी एक मामुली गोष्ट. तुमची कडब्याची गंजी जळायलीय." वडील धावत सुटले. अर्धी गंजी वाचली. वडील धापा टाकत परत आले, तर आतोबा ओसरीवर तसेच बसलेले. "दाजी, आधी सांगायला काय झालतं?" असं विचारल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "एकदम जळायचंच बोलावं म्हन्ता? बरं दिसतंय का ते?"

आयुष्यात ते एकदाच हैदराबादेला गेले, तेही अकरा दिवस. पण परत आलं ते बहुधा फक्त सामान. त्यानंतर आमच्या गावातली कोणतीही गोष्ट त्यांच्या लेखी चांगली ठरली नाही. इथला चहा, इथली धूळ, इथली गाढवं. हैदराबादेत गाढवंसुद्धा बाजूला होताना मान लववतात असं त्यांचं म्हणणं होतं. शहरात त्यांनी पाहिलं काय, हे मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की अकरांपैकी नऊ दिवस एका नवाबाच्या देवडीबाहेर मुलाखतीच्या रांगेत गेले आणि मुलाखत झालीच नाही. "पर रांग काय व्हती बे," ते म्हणाले. "धक्का लागला तर मागचा मानूस माफी मागायचा."

राजकारणाचा त्यांना फार नाद. चावडीवर आठ दिवसांचं शिळं उर्दू वर्तमानपत्र येई, ते हेच वाचून दाखवत. कुणाची बदली झाली, कुणाला कोणता किताब मिळाला, कोणत्या साहेबाचा दौरा निघाला, हे सगळं किताबांसकट. ऐकणाऱ्याने कंटाळून विचारावं, "आवो, लढाई सुरू झाली म्हन्त्यात, त्याचं काय?" तर हे पान न उलटता म्हणत, "ते आत आसंल. आपण आजून किताबातच हावोत." सरकारचं नाव किताबांसह निघालं की उभं राहायचं, हा त्यांचा नेम. जत्रेत तंबूतला बायस्कोप आला तेव्हा पडद्यावर छातीभर बिल्ले लावलेला कुणी साहेब उगवला आणि आतोबा ताडकन उभे राहिले. मागून ओरडा झाला, "बस की बे खाली." आतोबा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब कुठं बसलेत आजून?" तो साहेब कापडावर बराच वेळ उभा होता. मी शेजारी बसलो होतो आणि हे आपले कुणी नाहीत असा चेहरा करत होतो.

अशा माणसाच्या हातात आम्ही आमचं वाचनालय दिलं. आम्ही चार जणांनी सुताराच्या माडीवर सदतीस मराठी पुस्तकं जमवली होती. त्या दिवसांत चार माणसं एकत्र बसायची म्हणजे परवानगी लागे आणि चौघांनी बसून वाचायचं म्हणजे तर सरकारला घोरच. पोलिसांचा अमीन येऊन बजावून गेला, की पंधरा दिवसांत परवानगीचा कागद दाखवा, नाहीतर पुस्तकं पोत्यात भरून नेतो आणि माडीला कुलूप घालतो. शाळेमुळे उर्दू आम्हाला वाचता येई, पण सरकारी अर्ज लिहायची छाती नव्हती. मी आतोबांना सांगितलं, दोन ओळी पुरे : वाचनालय आहे, पुस्तकं आहेत, राजकारण नाही, परवानगी द्यावी. दोन ओळी ऐकून ते असे बघत राहिले, जणू मी त्यांना शेरवानीशिवाय कचेरीत जायला सांगितलं होतं.

अकरा दिवस ते लिहीत होते. आम्ही रोज विचारत होतो, ते रोज सांगत होते, "रंगात आलाय." बाराव्या दिवशी बीडला जाऊन त्यांनी स्वतः अर्ज दिला आणि नकलेवर पोहोच म्हणून गोल शिक्का घेऊन आले. नक्कल त्यांनी माडीवर उभं राहून वाचली. दोन्ही बाजू सरकारच्या नावाने, किताबांनी, दुवांनी भरल्या होत्या. वाचता वाचता ते शेवटाला आले, सही वाचली आणि थांबले.

"आतोबा," मी म्हणालो, "वाचनालयाचं?"

त्यांनी कागद उलटला. परत उलटला. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "जागा संपली," ते हळूच म्हणाले. मग खाली बसले. सरकारचा कागद हातात असताना ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. नवा अर्ज लिहून पाठवायला वेळ नव्हता. मी रागाने जे बोललो ते इथे लिहीत नाही. आत्याच्या कानावर ते गेलं होतं, एवढं पुरे.

सोळाव्या दिवशी अमीन दोन जवान आणि तीन पोती घेऊन आला. चैत्रातली दुपार. "कागद?" तो म्हणाला. आम्ही चौघे जमिनीकडे बघत होतो. तेवढ्यात जिन्यात शेरवानी सळसळली आणि आतोबा वर आले. त्यांनी टोपी नीट केली, कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचायला सुरुवात केली. सरकारचं नाव आलं तसा अमीन ताठ उभा राहिला, जवान टाचा जुळवून उभे राहिले. किताब सुरू झाले. आतोबांनी एकही गाळला नाही, घाई केली नाही, प्रत्येकाला हैदराबादेच्या रांगेसारखा अदबीने पुढे जाऊ दिला. पत्र्याखाली माडी भट्टीसारखी तापली होती. अमीनाच्या कानामागून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात वर करावा तर नेमका किताब चालू. एक बाजू संपली तेव्हा तो कुजबुजला, "मुनशीजी, जरा मुद्द्याचं वाचा."

आतोबांनी मान वर केली. "सरकारांच्या नावात मुद्दा न्हाई म्हन्ता, अमीनसाहेब?"

अमीनाने जवानांकडे पाहिलं. जवान ऐकत होते. त्याने शिक्क्याकडे पाहिलं, शिक्का गोल आणि खरा होता. "ठीक हाय, ठीक हाय," तो म्हणाला, कागदाला सलाम केला आणि पोती घेऊन उतरला.

मी आतोबांचे पाय धरायचे तेवढे बाकी होते. इतकी वर्षं ज्याला आपण येडा समजत आलो तो मुरलेला मुत्सद्दी निघाला, असं काहीतरी मी बोललो. ते गोंधळले. "मुत्सद्दी कावून? तो थांबंल आसं वाटलंतं मला. समदं वाचून झालं की त्यालाच इचारनार व्हतो, की बाबा, जागा संपली, आता काय करावं." नंतर जे अमीन बदलून आले, त्या प्रत्येकाला त्यांनी याच प्रामाणिक इराद्याने तो कागद वाचून दाखवला. शेवटापर्यंत एकही टिकला नाही.

ते गेले त्या साली पावसाळ्यानंतर आत्या माडीवर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती. म्हणाली, "त्यो कागद वाच." मी वाचू लागलो, तशी ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. गुडघे दुखत होते तरी बसली नाही. मी सहीपर्यंत आलो.

"फुडं?"

"पुढं काही नाही, आत्या."

"मग बरूबर हाय," ती म्हणाली. "त्येंचाच हाय."

तो कागद आम्ही चौकटीत बसवून दारावर लावला. पुढे राज्य गेलं, अमीन गेले, सदतीस पुस्तकांची सहाशे झाली. वाचनालयाला परवानगी अजून मिळालेली नाही.